दान की देणे? सरकारी धान्यामागचा नैतिक प्रश्न

मराठीत ‘देणे’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. आपल्या हातातले दुसऱ्याच्या हातात ठेवणे हा एक. दुसऱ्याचे आपल्याकडे जे निघते ते, हा दुसरा. पहिल्या देण्यात देणाऱ्याची मर्जी चालते, दुसऱ्यात घेणाऱ्याचा तगादा. सरकार आपल्या कोठारातून धान्य देते ते यांपैकी कोणत्या अर्थाने, हा वरकरणी शब्दांचा खेळ वाटतो. पण भारतातल्या धान्यधोरणाच्या सुधारणा कुठे अडल्या आणि कुठे पार पडल्या हे पाहू लागले, की पुन्हा पुन्हा याच प्रश्नापाशी यावे लागते. खरेदीचा भाव, वाटपाचा दर, गळती, साठवणुकीचा खर्च यांची चर्चा अर्थशास्त्राच्या भाषेत होते. कोण कोणाचे देणे लागतो याविषयीची एक न बोललेली समजूत तिच्या तळाशी असते.

दानाचा विचार या देशात फार बारकाईने झालेला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, द्यायलाच हवे म्हणून योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्राला दिलेले सात्त्विक. मोबदल्यावर डोळा ठेवून किंवा कष्टी मनाने दिलेले राजस. आणि अवमान करून, भलत्या जागी दिलेले तामस. धर्मशास्त्रकारांनी दान घेणाऱ्याची पात्रता हा मोठा विषय केला. अन्नाला मात्र अपवाद ठेवला: भूमी, गाय, सोने देताना पात्र पाहावे, अन्न देताना भुकेला हाच पात्र. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले एक सूक्त तर एकट्याने खाणाऱ्याला थेट पापी ठरवते.

तरीही या विचाराला एक मर्यादा आहे. दान हे दात्याचे कर्तव्य असते. ते चुकले तर दोष दात्याला लागतो, पण उपाशी राहिलेल्याला त्याच्यावर फिर्याद करता येत नाही. कर्तव्य एका बाजूला आहे आणि समोरच्या बाजूला हक्क नाही. विनोबांनी भूदानाच्या काळात शंकराचार्यांच्या भाष्याचा आधार घेऊन दान म्हणजे वाटणी असा अर्थ लावला, तो ही फट बुजवण्यासाठीच. वाटणीत घेणारा याचक उरत नाही, वाटेकरी होतो.

राजाच्या कोठाराची गोष्ट गृहस्थाच्या दानाहून वेगळी आहे, कारण त्या कोठारातले धान्य मुळात राजाने पिकवलेले नसते. कौटिल्याला याची पक्की जाणीव होती. कोठारातला अर्धा साठा जनपदावरील आपत्तीसाठी राखून ठेवावा, उरलेला वापरावा आणि जुन्याच्या जागी नवे धान्य भरत राहावे, असे त्याने कोष्ठागाराच्या प्रकरणात सांगितले आहे. बांगलादेशातील महास्थान येथे १९३१ मध्ये सापडलेल्या मौर्यकालीन ब्राह्मी लेखात संकटात सापडलेल्यांना धान्य द्यावे आणि सुगी आल्यावर कोठार पुन्हा भरून घ्यावे, अशी आज्ञा आहे. आजच्या भाषेत ही तगाई. ती दानात बसत नाही, कारण परत करायची आहे. व्यापारातही बसत नाही. रयत आणि राज्य यांच्यातले ते चालू खाते आहे.

महाराष्ट्राने हा प्रश्न एका संतकथेत जपून ठेवला. मंगळवेढ्याचा सरकारी अंमलदार दामाजीपंत दुष्काळात बादशाही कोठारे उघडतो आणि लोकांना धान्य वाटून टाकतो. बेदरच्या बादशहाचे बोलावणे येते. मग विठ्ठल स्वतः विठू महाराच्या वेशात दरबारात जाऊन धान्याची किंमत मोजतो आणि पावती घेतो. महिपतींच्या ‘भक्तविजया’मुळे ही कथा घरोघरी गेली. करुणेची कथा म्हणून ती सांगितली जाते आणि तशी ती आहेच. पण तिच्यातला हिशेब दुर्लक्षिण्याजोगा नाही. कोठार बादशहाचे आहे हा दावा कथा खोडून काढत नाही. दामाजीने योग्य केले म्हणून बिल माफही होत नाही. पैसे मोजले जातात, पावती फाडली जाते. भुकेल्याला धान्य मिळालेच पाहिजे आणि त्याची किंमत कोणीतरी भरलीच पाहिजे, ही दोन्ही सत्ये कथा एकाच वेळी धरून ठेवते. आधुनिक राज्याची अडचण अशी, की त्याच्या मदतीला विठू येत नाही. किंमत करदाता भरतो, नाहीतर शेतकरी, नाहीतर पुढची पिढी.

इंग्रजी अमलात हा प्रश्न उघडपणे लढला गेला. १८७३-७४ च्या बिहारच्या टंचाईत ब्रह्मदेशातून तांदूळ आणून रिचर्ड टेंपल याने माणसे वाचवली आणि उधळपट्टीचा ठपका ओढवून घेतला. १८७६-७८ च्या दुष्काळात तोच टेंपल काटकसरीचा पुतळा बनून दख्खनमध्ये आला. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर भागवावे, असे त्याचे माप होते. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी त्या मजुरीवर कामाला जायचे नाकारले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका त्यात पुढे होते. उपाशी माणसे मदतीच्या अटींवर संप करतात, ही गोष्ट दानाच्या चौकटीत बसतच नाही. याचक संप करीत नाही. आपले काही निघते असे ज्याला वाटते, तोच करतो.

सरकारच्या लक्षात हे आले होते. १८८० च्या दुष्काळ आयोगाने मदतीची पद्धतशीर व्यवस्था सुचवली आणि तीतून पुढे दुष्काळ संहिता तयार झाल्या. पण दुष्काळात मदत मागण्याचा गरिबांना हक्क आहे हे एकदा मान्य केले, तर एरवीही तो आहे असे मानावे लागेल, अशी भीतीही आयोगाने बोलून दाखवली. तर्क अचूक होता. फक्त आयोगाला जे संकट वाटले, त्याचे १३३ वर्षांनी संसदेत कायद्यात रूपांतर झाले.

मधल्या काळात युद्ध आले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात किती माणसे मेली याचे अंदाज पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये या दुष्काळाची चिकित्सा करून दाखवून दिले, की बाजारात धान्य असणे आणि माणसाला ते मिळवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहरांतले रेशनिंग याच युद्धकाळाचे अपत्य. त्याचा उगम दयेत नाही. गिरण्या, रेल्वे आणि कचेऱ्या चालत्या ठेवण्याच्या गरजेत आहे. स्वातंत्र्यानंतर नियंत्रणे उठवावीत असा आग्रह गांधीजींनी धरला. नियंत्रणाने व्यापारी लबाड होतो आणि लोक परावलंबी, हा त्यांचा आक्षेप नैतिक होता. १९४७ च्या डिसेंबरात नियंत्रणे सैल झाली, भाव भडकले आणि १९४८ मध्ये ती परत आली. पन्नाशीच्या दशकात रफी अहमद किडवाई यांनी ती पुन्हा काढली, तेव्हा पिके चांगली आली होती आणि प्रयोग निभावला. मोकळ्या बाजाराचे यश पावसावर अवलंबून असते, हा धडा तेव्हापासून कोणी विसरलेले नाही.

१९५६ पासून पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली तिकडचा गहू येऊ लागला आणि देशच घेणाऱ्याच्या जागी बसला. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य आयात झाले. जहाजे किती आणि केव्हा सोडायची हे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ठरवीत. दाता वेळ पाहून हात आखडतो म्हणजे काय, हे दिल्लीने तेव्हा अनुभवले. लालबहादूर शास्त्री यांनी जनतेला आठवड्यातून एक वेळ उपवास करण्याचे आवाहन केले होते, ते याच काळातले. उपवास हा ज्या समाजाच्या अंगवळणी आहे, तिथेच असे आवाहन करता येते. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग उभे राहिले. शेतकऱ्याकडून ठरल्या भावाने खरेदी करायची, साठवायचे आणि स्वस्त भावात वाटायचे, ही आजही चालू असलेली घडी त्या वर्षीची आहे.

या घडीत दोन देणी एकत्र बांधली गेली: खाणाऱ्याचे आणि पिकवणाऱ्याचे. दोन्ही एकाच तिजोरीतून भागवायची आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. सुरुवातीला खाणाऱ्याचे पारडे जड होते. लेव्हीच्या दिवसांत शेतकऱ्याला ठरावीक धान्य बाजारापेक्षा कमी भावात सरकारला घालावे लागे. राज्य जे स्वस्त वाटत होते, त्याची किंमत दामाजीच्या कथेप्रमाणे दरबारात मोजली जात नव्हती. ती शेतावरच कापली जात होती. १९७३ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार ताब्यात घेतला. गहू बाजारातून गायब झाला आणि पुढच्याच वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून मांडलेला ‘उणे सबसिडी’चा युक्तिवाद याच जखमेवर बोट ठेवणारा होता. संघटनेची ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा अर्थशास्त्राइतकीच नीतिशास्त्राची आहे. दान आणि देणे यांतला फरक इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कोणी क्वचितच सांगितला असेल.

महाराष्ट्राचा आणखी एक अनुभव इथे नोंदवायला हवा. १९७२ च्या दुष्काळात परदेशी लाल मिलो आणि सुकडी खाल्लेली पिढी अजून आहे. त्या दुष्काळात वाढलेली आणि वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी १९७७ मध्ये कायदा झाली. ‘मागेल त्याला काम’ या सूत्रात पात्रतेची तपासणी नाही. उन्हात खडी फोडायला येणे हीच तपासणी. खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. पावती कोणाच्या नावाने फाडायची हे या योजनेने आधीच सांगितले, म्हणून ती टिकली.

केंद्राच्या धान्यधोरणात मात्र १९९७ साली ‘पात्र’ हा शब्द पुन्हा अवतरला. तोवर रेशन तत्त्वतः सर्वांसाठी होते. जूनपासून ते दारिद्र्यरेषेच्या वरचे आणि खालचे असे विभागले गेले. महाराष्ट्रात पिवळे, केशरी आणि पांढरे कार्ड आले. ज्याला खरी गरज आहे त्यालाच द्यावे, हा विचार ऐकायला निर्विवाद आहे. अडचण गरज ओळखण्यात असते. पाहणीच्या दिवशी जो मजुरीला गेला होता, ज्याच्या घरावर पत्रा दिसला, ज्याचे सरपंचाशी बिनसले होते, तो यादीबाहेर राहतो. आणि यादीबाहेरच्या दुबळ्यासाठी यादीतला धडधाकट माणूस भांडत नाही. अन्नापुरती पात्रतेची परीक्षा नको म्हणणारे जुने शास्त्रकार व्यवस्थापनशास्त्र शिकलेले नव्हते, पण तपासणी करणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता जाते हे त्यांना कळत असावे.

परिणाम लगेच दिसले. रेषेवरच्यांसाठी भाव इतका वाढवला, की त्यांनी उचल थांबवली. दुसरीकडे खरेदीचा भाव चढत होता. २००२ च्या मध्याला सरकारी साठा सहा कोटी टनांच्या वर गेला. धान्य उघड्यावर कुजत होते, त्यातले काही गरिबांसाठीच्या भावाच्या आसपास निर्यात होत होते आणि राजस्थानात लोक उपाशी होते. २००१ मध्ये पीयूसीएल या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, ती या विसंगतीवर. न्यायालयाने जगण्याच्या हक्कात अन्न आणून बसवले आणि शाळेत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश काढला. २०१० मध्ये कुजण्यापेक्षा धान्य फुकट वाटा असे न्यायालय म्हणाले, तेव्हा कृषिमंत्री शरद पवार यांनी ती सूचना असल्याचे सांगितले. न्यायालयाने तो आदेश असल्याचे स्पष्ट केले. धोरण ठरवणे हे सरकारचे काम आहे, असे पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी त्यानंतर सांगितले. सूचना की आदेश हा वाद म्हणजे दान की देणे याच वादाचे कायदेशीर रूप होते.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने उत्तर दिले: देणे. ग्रामीण भागातील ७५ आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला माणशी दरमहा ५ किलो. अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. तांदूळ ३, गहू २ आणि भरड धान्य १ रुपया किलो. धान्य न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्ता द्यावा, असे आठवे कलम सांगते. हे कलम कायद्याचा आत्मा आहे. देणे चुकवले तर भरपाई लागते. दान चुकवले तर लागत नाही.

तरीही त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत एक सैल दोर आहे. हे दर तीन वर्षांपुरते होते. पुढे हमीभावापर्यंत कितीही दर ठरवण्याची मुभा केंद्राला आहे. म्हणजे किलोंचा हक्क पक्का, किमतीचा कच्चा. प्रत्यक्षात घडले उलटे. गव्हाचा हमीभाव २०१३-१४ मध्ये क्विंटलला १,३५० रुपये होता, तो २०२४-२५ मध्ये २,२७५ झाला. वाटपाचा दर वर न जाता १ जानेवारी २०२३ पासून शून्यावर आला. हे का घडले, याचे उत्तर केवळ हितसंबंधांच्या गणितात सापडत नाही.

ते गणित खोटे नाही. अन्न महामंडळाच्या फेररचनेसाठी नेमलेल्या शांताकुमार समितीने २०१५ च्या जानेवारीत अहवाल दिला. हमीभावाचा फायदा जेमतेम ६ टक्के शेतकऱ्यांना होतो, वाटपात ४६.७ टक्के गळती आहे, लाभार्थी ६७ वरून ४० टक्क्यांवर आणावेत, महामंडळाने पंजाबसारख्या राज्यांतील खरेदीतून अंग काढावे आणि हळूहळू रोख रक्कम द्यावी, असे तिचे म्हणणे होते. तोट्यात जाणारे सारे संघटित होते: बाजार शुल्क, ग्रामीण विकास शुल्क आणि अडत मिळून साडेआठ टक्के ज्यात जमा होत होते ती पंजाबची मंडी, भातगिरण्या, हमालांच्या संघटना. फायदा विखुरलेल्या अनेकांचा होता. अशा लढाईत थोडे जिंकतात, हे अर्थशास्त्राने पूर्वीच सांगून ठेवले आहे. पण लाभार्थ्यांची कपात का झाली नाही? रेशन घेणारे ८० कोटी लोक कुठल्याही संघटनेत नाहीत. बहुमताचे सरकारही तिथे थबकले, कारण भुकेल्याच्या ताटातले काढून घेतो असे उघडपणे म्हणता येईल अशी भाषाच या समाजात उपलब्ध नाही. हितसंबंध सुधारणेचा वेग ठरवतात. तिची हद्द नीतिकल्पना आखतात.

शेतमालाचा व्यापार खुला करणाऱ्या २०२० च्या तीन कृषी कायद्यांवेळी पिकवणाऱ्याच्या देण्याचा प्रश्न असाच पेटला. पंजाबात बाजारात येणारा जवळजवळ सगळा गहू आणि भात सरकार उचलते. तिथल्या शेतकऱ्याला खुला बाजार म्हणजे देणेकऱ्याने पळ काढणे वाटले. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याकडे सरकार फारसे फिरकतच नाही. त्यामुळे शेतकरी संघटनेला तोच बाजार बेडी सुटल्यासारखा दिसला, आणि सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीत तिचे अनिल घनवट बसले. दोघेही घामाचेच दाम मागत होते. फक्त देणेकरी कोण याबाबत मतभेद होता. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, गुरू नानक जयंतीला, कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. दिल्लीच्या सीमेवर आंदोलक शेतकऱ्यांच्या वर्षभर चाललेल्या लंगरात पंगतीला कोण बसतो हे विचारले जात नव्हते, हा योगायोग नव्हे. अन्न वाटण्याची सर्वांत लोकशाही रीत ज्या परंपरेने रुजवली, तीच परंपरा धान्याच्या भावासाठी रस्त्यावर बसली होती.

रोख रकमेच्या सुधारणेलाही हाच प्रश्न आडवा येतो. चंडीगड आणि पुदुच्चेरीत २०१५ पासून धान्याऐवजी पैसे खात्यात जाऊ लागले. कर्नाटकाने २०२३ मध्ये केंद्राकडून तांदूळ विकत मिळेना तेव्हा ५ किलोंऐवजी माणशी १७० रुपये दिले. सोलापूरच्या ज्वारी खाणाऱ्याला तांदूळ-गहू घ्यावा लागण्यापेक्षा पैसे बरे, या म्हणण्यात तथ्य आहे. पण महागाईत किलो तोच राहतो आणि रुपया आक्रसतो. देणे कोणत्या चलनात फेडायचे हे ठरवण्याचा अधिकार देणेकऱ्याने स्वतःकडे घेतला, तर धनकोने सावध झालेले बरे.

सध्याचे मोफत वाटप या सगळ्या वादावर सोयीचा पडदा टाकते. पाच किलो तेच आहेत, कायदाही तोच. नाव मात्र गरीब कल्याण अन्न योजना असे झाले आणि मुदत २०२४ पासून पाच वर्षांची. तीन रुपये मोजणारा माणूस गिऱ्हाईक असतो; माप कमी भरले तर काट्याकडे बोट दाखवतो. फुकट घेणाऱ्याला ‘लाभार्थी’ म्हणतात. त्याच्या हातातल्या पिशवीवर नेत्याचे छायाचित्र छापले, की हक्काचे दान होते आणि दानही गीतेच्या हिशेबाने राजस. ई-पॉस यंत्रावर अंगठा लागत नाही म्हणून ज्याला परत पाठवतात, त्याच्या वाट्याला तिसरा, तामस प्रकार येतो. पावतीचा प्रश्नही असाच झाकला गेला होता. महामंडळाला अनुदान देण्याऐवजी अल्पबचत निधीतून कर्जे काढायला लावून अनेक वर्षे हा खर्च अंदाजपत्रकाबाहेर ठेवला गेला. ती थकबाकी एकदम भरल्यामुळे २०२०-२१ चे अन्न अनुदान पाच लाख कोटी रुपयांच्या वर गेले.

कायद्याखाली जास्तीत जास्त ८१.३५ कोटी लोकांना धान्य मिळू शकते. हा आकडा २०११ च्या जनगणनेवरून काढलेला आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. वाढलेली लोकसंख्या धरली तर दहा कोटींहून अधिक माणसे यादीबाहेर आहेत, असा अंदाज अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा यांनी २०२० मध्ये मांडला होता. नव्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तोवर प्रत्येक राज्याचा कोटा २०११ च्या वहीवरच चालतो.